कृत्रिम हिरवळ घेताना पात्यांची उंची पाहावी

महोदय,

घोडबंदर रस्ता परिसरात बाल्कन्यांत आणि तळमजल्यावरील छोट्या अंगणांत कृत्रिम हिरवळ अंथरलेली दिसते. मात्र पाती जितकी उंच तितका माल चांगला, ही समजूत दूर होणे मला निकडीचे वाटते. ४० ते ५० मिलिमीटरची पाती दुकानात मऊ, भरगच्च दिसतात खरी, परंतु विणीची घनता कमी असेल तर रोजच्या वावराने ती आडवी पडतात आणि पावसाळ्यात त्यांच्या बुडाशी माती, पालापाचोळा व ओल अडकून कुबट वास येऊ लागतो. बाल्कनीसाठी १५ ते २५ आणि मुले खेळतात त्या अंगणासाठी २५ ते ३५ मिलिमीटर उंची बहुधा पुरेशी ठरते. घरात कुत्रा असेल तर आखूड पातीच धुण्यास सोपी जातात. नमुना हाताने दाबून पाती पुन्हा उभी राहतात का, हे पाहावे आणि तो उलटून निचऱ्याची छिद्रेही तपासावीत. मे महिन्याच्या उन्हात ही हिरवळ अनवाणी पायांना चटके देते, हे तर विक्रेत्याने आपणहून सांगायला हवे. दरपत्रकात उंचीबरोबर घनताही नोंदवावी, अशी विक्रेत्यांना आग्रहाची विनंती आहे.

– एक वाचक, मानपाडा, ठाणे