लंडनच्या चोरांवरचा लेख अर्धवट वाटला

संपादक साहेब, रविवार पुरवणीत लंडनच्या गुन्हेगारी कथांवरचा लेख वाचला, पण सगळा भर गँग, पिस्तुलं आणि शिव्यांवर, वर्गभेदावर एक ओळ नाही, हे काही पटलं नाही. अहो या कथाप्रकाराचं मूळच वर्गभेदात आहे. जोनाथन वाइल्ड लंडनमध्ये चोर पकडून देणारा म्हणून मिरवायचा आणि चोरांची टोळी स्वतःच पोसायचा, चोरीचा माल मालकाला परत करून बक्षीस घ्यायचा, डोईजड झालेल्याला फासावर पाठवायचा, त्याचेही सरकारकडून 40 पौंड! 1725 मध्ये तोच फासावर गेला आणि तीन वर्षांत जॉन गेचं 'बेगर्स ऑपेरा' हे संगीत नाटक आलं. सुरुवातीलाच त्यातला वाइल्डसारखाच चोर पोसणारा पीचम हिशोबाची जाडजूड वही उघडून बसलेला, कुठला चोर ठेवायचा, कुठला लटकवायचा ते ठरवतोय. लोकांना त्यात थेट पंतप्रधान वॉलपोल दिसला, नाटकाच्या पुढच्या भागावर तर बंदीच आली. तेच नाटक जर्मन नाटककार ब्रेख्तमार्गे पुलंच्या 'तीन पैशाचा तमाशा'त आलं, म्हणजे मराठी वाचकाला हे अजिबात नवीन नाही. पुढच्या लेखात मारामारी कमी आणि ही बाजू सविस्तर छापा, कळकळीची विनंती आहे.

– एक नियमित वाचक, पुणे