चिठ्ठीवर मुदत लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

आदरणीय डॉक्टर मॅडम,
सप्रेम नमस्कार.

भांडुपच्या आमच्या शाळेत तुम्ही दंततपासणीला आलात, त्याबद्दल मुख्याध्यापकांनी रीतसर आभार मानले आहेतच. वर्गशिक्षिका म्हणून मला आभार मानायचे आहेत ते तुम्ही सगळ्या मुलांच्या हाती सारखीच चिठ्ठी दिली नाहीत म्हणून.

आमचे बरेच पालक रोजंदारीवर किंवा घरकामाला जातात. मुलाला दवाखान्यात न्यायचं म्हणजे एक खाडा. अर्ध्या वर्गाला ‘दातांच्या डॉक्टरांना दाखवा’ एवढंच लिहून दिलं, तर घाई कोणाला आहे तेच कळत नाही आणि कागद दप्तरातच राहतो. तुम्ही प्रत्येक चिठ्ठीवर मुदत घातलीत: आज, पंधरा दिवसांत, महिन्याभरात, किंवा पुढच्या तपासणीत पाहू. मग मधल्या सुट्टीत आम्हा शिक्षिकांना बसवून त्यामागचं कारणही सांगितलंत.

गालावर किंवा जबड्याखाली सूज, सोबत ताप, तोंड पुरतं उघडत नाही, गिळताना त्रास होतो, असं मूल दिसलं तर शाळा सुटायची वाट न पाहता घरच्यांना बोलावून थेट रुग्णालय गाठायचं, हे तुम्ही दोनदा बजावलंत. हिरडीवरच्या पुवाच्या फोडाबद्दल जे सांगितलंत ते मी आता प्रत्येक आईला सांगते. फोड फुटला की ठणका थांबतो आणि घरच्यांना वाटतं, बरं झालं. पण मुळाशी पू असतोच, आणि दुधाच्या दाताखाली तयार होत असलेल्या कायमच्या दातालाही त्याचा त्रास होऊ शकतो.

माझ्या वर्गातला एक मुलगा आणि सहावीतली त्याची ताई, दोघांच्याही दुधाच्या मागच्या दाढेला कीड होती. त्याला तुम्ही पंधरा दिवसांची मुदत दिलीत, तिला ‘पाहू’. आई चक्रावून विचारायला आली. तिची दाढ हलत होती, दुखत नव्हती, थोड्याच दिवसांत पडणार होती. त्याची मात्र अजून दोनतीन वर्षं तोंडात राहायची होती, कारण या दाढा दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या सुमारास पडतात. शिवाय तो एकाच बाजूने चावत होता. हे तुम्हाला कळलं, कारण तोंडात बघण्याआधी तुम्ही त्याला विचारलंत, ‘बाळा, जेवताना कुठल्या बाजूने चावतोस? रात्री झोप लागते का?’ ‘दुधाचे दात, पडणारच आहेत’ हे वाक्य आमच्याकडे घरोघरी ऐकू येतं. त्याला इतकं समजूतदार उत्तर मी पहिल्यांदाच ऐकलं.

कायमच्या पहिल्या दाढेचंही तसंच. सहाव्या वर्षाच्या सुमारास ती दुधाच्या दाढांच्या मागे येते. तिच्यासाठी कुठलाच दात पडत नाही, म्हणून ती आल्याचं घरात कळतच नाही आणि तिलाही दुधाचीच समजतात. एका मुलीच्या या दाढेच्या खाचेत लहानसा खड्डा होता, दुखत काहीच नव्हतं. तरी तुम्ही ‘महिन्याभरात, नक्की’ लिहून खाली रेघ ओढलीत. त्या रेघेमुळेच तिचे बाबा तिला घेऊन गेले. आता दाढ भरून झाली आहे.

आणि ज्यांना पाठवलं नाहीत त्यांच्यासाठीही आभार. वरच्या पुढच्या दातांमधली फट या वयात बहुधा नैसर्गिक असते, सुळे आले की अनेकदा मिटते, हे ऐकून दोन आयांचा जीव भांड्यात पडला. खालच्या दातांमागे दुसरी रांग दिसली तर पुढचा दुधाचा दात हलतो का ते आधी बघायचं, जराही हलत नसेल तरच पाठवायचं, हेही आता आम्हाला जमतं.

कुठे जायचं तेही तुम्ही पालकांच्या सोयीने सांगितलंत. भांडुपहून गाडी न बदलता जायचं तर सीएसएमटीजवळचं सरकारी दंत महाविद्यालय, मुंबई सेंट्रलकडे कामाला असणाऱ्यांना नायर रुग्णालयाचं.

एक विनंती आहे. पुढची तपासणी पालकसभेच्या दिवशी ठेवता आली तर फार बरं होईल. मुदत का दिली हे पालकांना तुमच्याच तोंडून ऐकता येईल. ‘पाहू’ लिहिलेल्या मुलांची यादी मी वेगळी काढून ठेवली आहे.

आपली कृतज्ञ,
तिसरीची वर्गशिक्षिका