दिवसभराच्या सरबताने झिजणारे दात

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात उष्माघातापासून बचावाच्या सूचना ठळकपणे छापल्या जातात आणि त्यांत लिंबूपाणी, पन्हे घेत राहण्याचा सल्ला हमखास असतो. मे महिन्यात जिथे पारा ४५ अंशांच्या वर जातो, त्या नागपुरात हा सल्ला योग्यच आहे. तथापि त्याच चौकटीत दातांविषयीही दोन ओळी असाव्यात, अशी एक शिक्षिका म्हणून माझी कळकळीची विनंती आहे.

आमच्या वर्गातील अनेक मुलांच्या दप्तरात आता पाण्याऐवजी लिंबूसरबताची बाटली असते आणि दर तासाला दोन घोट घेत ती शाळा सुटेपर्यंत पुरवली जाते. खरी अडचण या पुरवून पिण्यातच आहे. दातांवरचे एनॅमल हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ असला, तरी तोंडातील सामू (पीएच, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी, तितके आम्ल तीव्र) साधारण ५.५ च्या खाली गेला की त्यातील खनिजे विरघळू लागतात, आणि लिंबाच्या रसाचा सामू तर २ ते ३ च्या दरम्यान असतो. लाळ हे आम्ल हळूहळू सौम्य करते व गेलेली खनिजे काही प्रमाणात परतही देते. पण सतत नवा घोट येत राहिला, तर तिला ती सवडच मिळत नाही. म्हणून सरबत एका बैठकीत संपवावे, त्यावर साध्या पाण्याने चूळ भरावी आणि बाटलीत माठाचे पाणीच द्यावे. संत्र्यांचेही तसेच आहे: ती जरूर खावीत, मात्र दुपारभर एकेक फोड चोखत बसू नये.

आंबट खाल्ल्यावर लगेच दात घासण्याची शिस्त अनेक घरांत कौतुकाने लावली जाते. आम्लाने मऊ पडलेला पृष्ठभाग त्या वेळी ब्रशने खरवडला जातो, त्यामुळे निदान अर्धा तास थांबणे आवश्यक आहे. झिजलेले एनॅमल पुन्हा तयार होत नाही, कारण ते घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून बाहेर येतानाच नाहीशा होतात. मग आतला थर उघडा पडतो आणि त्यातील सूक्ष्म नलिकांमुळे गार पाण्याच्या घोटासरशी थेट कळ जाते. अशा वेळी मशेरी किंवा खरखरीत मंजन चोळणे म्हणजे उरलेला थरही घालवणे होय, आणि हे आजही घरोघरी चालते याचे मला फार वाईट वाटते.

मऊ ब्रश, हलका हात आणि फ्लोराइडची पेस्ट यांनी पुढची झीज बरीच रोखता येते. दातांतली कळ कमी करण्यासाठी मिळणाऱ्या, पोटॅशियम नायट्रेट असलेल्या पेस्टचा गुण यायला काही आठवडे लागतात, पण लोक चार दिवसांत ती बदलतात. एकाच दातात कळ येत असेल, किंवा गार पदार्थ गिळल्यानंतरही ठणका रेंगाळत असेल, तर पेस्टवर विसंबू नये. कीड किंवा दाताला गेलेला तडाही त्यामागे असू शकतो. खासगी दवाखाना परवडत नसेल, तर नागपुरातच शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथे दात वेळीच दाखवून घ्यावेत.

आपली विश्वासू,
एक शिक्षिका, नागपूर