क्रीडामंत्री साहेब, पोरांनी खेळायचं कुठं?

मा. केंद्रीय क्रीडामंत्री साहेब,

नमस्कार. मी कोल्हापूरचा, दुधाचा धंदा. पोरगं 19 वर्षांचं, फुटबॉल खेळतं, स्टॉपर म्हणजे मधला डिफेंडर. जूनमध्ये एका मोठ्या क्लबच्या माणसांनी त्याची ट्रायल घेतली, रिझर्व्ह टीमला घेतो म्हणाले. जुलैत आयएसएल, देशातली सगळ्यात मोठी फुटबॉल लीगच थांबली. "सीझनचं ठरलं की कळवतो." आता 2025 चा डिसेंबर संपत आला, फोन उचलत नाहीत. त्या शब्दावर त्यानं कॉलेजची अ‍ॅडमिशन सोडली, त्याच्या खुराकासाठी आणि जिमसाठी मी एक म्हैस विकली. बायको अजून मला रोज त्या म्हशीवरून ऐकवते, तुम्हाला कोण ऐकवतं का?

लीग चालवणाऱ्या कंपनीबरोबरचा फुटबॉल फेडरेशनचा करार 2010 चा, 15 वर्षांचा. म्हणजे कधी संपणार हे पहिल्या दिवसापासून कागदावर होतं की ओ! तरी पुढं लीग कोण चालवणार याचं नोव्हेंबरला टेंडर उघडलं तेव्हा एकानं पण बोली लावली नाही. 8 डिसेंबरला करार संपला आणि सहाव्या दिवशी मेस्सी वानखेडेवर, क्रिकेटच्या ग्राउंडवर, सगळे नेते फोटोला. (ते राज्यवाल्यांचं, तुमचं नाही, माहितीय मला.)

14 ऑक्टोबरला आम्ही बापलेक गाडी घेऊन गोव्यात फातोर्ड्याला गेलो होतो, भारत-सिंगापूर मॅच. आपल्या छांगतेनं गोल मारला तेव्हा पोरगं माझ्या खांद्यावर चढलं होतं. मग सिंगापूरच्या त्या साँगनं दोन मारले आणि आपलं एशियन कपला जाणं हुकलं. सिंगापूर म्हणजे आमच्या पुणे जिल्ह्यापेक्षा कमी माणसं! परत येताना आंबोली घाटात दोघं पण एक शब्द बोललो नाही.

आणि पुढं स्ट्रायकरला कोण खेळवलात? 2024 ला नॅशनल टीममधून रिटायर झालेला सुनील छेत्री, 40 वर्षांचा, परत बोलावला. का? आयएसएलच्या 2024-25 सीझनला भारतीयांत सगळ्यात जास्त गोल त्याचेच, 14. बाकी क्लब नऊ नंबरला, म्हणजे स्ट्रायकरला, परदेशी माणूस लावणार आणि आपली पोरं विंगवर नाहीतर बेंचवर. मग नॅशनल टीमला स्ट्रायकर काय झाडाला लागणार?

यावर उपाय काय, तर परदेशात ट्रेनिंग. जर्मनीच्या बायर्न क्लबबरोबरच्या करारातून राज्यातली 20 पोरं म्युनिकला नेली, चांगलं झालं, पण परत येऊन खेळणार कुठं? आमच्या गावचा अनिकेत जाधव इंग्लंडच्या ब्लॅकबर्न क्लबात ट्रेनिंग करून आला, त्या क्लबचे मालक तर पुण्याचेच. आपला गोलकीपर गुरप्रीत नॉर्वेत राहिला, तिथं मॅचेस खेळला, त्याचा फायदा दिसला. नुसत्या ट्रेनिंगनं नाही होत साहेब, दर आठवड्याला मॅच लागते. जपाननं 1993 ला लीग काढली, 1998 ला वर्ल्डकप खेळले, आणि आता त्यांची निम्म्याच्या वर टीम युरोपात आहे. आधी लीग, मग विमान. आपण विमानाचं तिकीट आधी काढतो.

आमच्या शाहू स्टेडियमवर पाटाकडील-शिवाजी या गावातल्याच दोन टीमच्या मॅचला पाय ठेवायला जागा नसते, कुठल्या स्पॉन्सरची वाट बघत नाही कोण.

आणि हे फुटबॉलचंच आहे असं पण नाही. पुतण्या तीन वर्षं पोलीस भरतीसाठी पळतोय, त्याला पण "कळवतो"च. या देशात पोरांचं वय कुणी मोजतच नाही, फायलीचं तेवढं मोजतात.

माझं पोरगं आता सकाळी दूध घालून येतं आणि मग एकटंच ग्राउंडवर जातं. बूट फाटलेत. लीगची तारीख ठरली तर तेवढी सांगा, नवीन घ्यायचे का नाही ते ठरवता येईल.

आपला,
एक बाप, मंगळवार पेठ, कोल्हापूर