बाटलीवर छापलेले आणि गोळीत उरलेले : आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय यांस,
स. न. वि. वि.

मी आयुष्यभर गोळ्या फोडत आलो. औषध कारखान्याच्या गुणवत्ता नियंत्रण विभागात, म्हणजे आम्ही ज्याला नुसते क्यूसी म्हणतो तिथे, वीस गोळ्या मोजायच्या, खलात कुटायच्या, पूड तोलून विरघळवायची, गाळायची आणि यंत्राच्या हवाली करायची, हे काम मी निवृत्त होईपर्यंत केले. त्यामुळे ओळखीपाळखीचे लोक मल्टिव्हिटॅमिनची बाटली माझ्यापुढे धरून विचारतात, "ही चांगली आहे का हो?" मी बाटली फिरवून सगळे बारीक अक्षर वाचतो, झाकण उघडून वास घेतो, गोळीवर तपकिरी ठिपके आलेत का बघतो. मग खरे ते उत्तर देतो : मला सांगता येत नाही.

समोरच्याला वाटते, मी टाळतो आहे. पण यंत्राशिवाय मी आणि तो दोघे सारखेच आंधळे असतो. हे पत्र लिहायचे कारण तेच. आपल्याकडे व्हिटॅमिनच्या गोळ्यांतल्या मात्रेबद्दल तक्रार गेली की 'ग्राहकांनी जागरूक राहून लेबल वाचावे' असा सल्ला मिळतो. महोदय, लेबल मी वाचतो. रसायनशास्त्र शिकून वाचतो. आणि तरीही फसतो. कसा, ते सांगतो.

माझ्या थोरल्या बहिणीच्या पायांना मुंग्या येऊ लागल्या. पुढे तळवे इतके बधिर झाले की चालताना चप्पल निसटून मागे राहिली तरी तिला पत्ता लागेना. साखर तपासली, पाठीचा कणा तपासला, काही निघाले नाही. शेवटी न्यूरॉलॉजिस्टने सांगितले, रोज जे जे गिळता त्या सगळ्या बाटल्या घेऊन या. ताईने तीन नेल्या : एक मल्टिव्हिटॅमिन, एक बी-कॉम्प्लेक्स आणि एक मॅग्नेशियम, झोप चांगली लागते म्हणून कुणीतरी सुचवलेले. तिन्हींत बी६ होते. एकीवर 'व्हिटॅमिन बी६' लिहिलेले, दुसरीवर 'पायरिडॉक्सिन हायड्रोक्लोराइड', तिसरीवर 'पायरिडॉक्सल-५-फॉस्फेट'. बेरीज केली तर रोजचे शंभर मिलिग्रॅमच्या वर जात होते. प्रौढ माणसाची गरज दीड मिलिग्रॅमच्या आसपास असते.

बी६ अती झाले तर संवेदना वाहणाऱ्या नसा बिघडतात, हे वैद्यकाला १९८३ पासून नीट माहीत आहे. ताई मला म्हणाली, "अरे, बी व्हिटॅमिन जास्त झाले तर लघवीतून निघून जाते ना?" हेच वाक्य मी स्वतः कित्येकांना ऐकवले होते. बाटल्या बंद केल्यावर काही महिन्यांत मुंग्या कमी झाल्या. डाव्या तळव्याची जाण अजून पुरती परतलेली नाही.

आता या तीन बाटल्यांत दोष कोणाचा? एकाही लेबलवर खोटे काही छापलेले नव्हते. अमेरिकेत प्रौढांसाठी बी६ची रोजची कमाल मर्यादा १०० मिलिग्रॅम धरतात. युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२३ साली ती २५ वरून १२ मिलिग्रॅमवर आणली. ऑस्ट्रेलियात दिवसाला १० मिलिग्रॅमच्या वर गेलात तर बाटलीवर नसांबद्दलचा इशारा छापावा लागतो. म्हणजे एकीकडे सुरक्षित ठरलेली गोळी दुसरीकडे मर्यादेच्या आठपट भरू शकते, आणि गिळणाऱ्याला यातले काहीच कळत नाही, कारण लेबलवर रोजच्या गरजेच्या किती टक्के ते असते, कमाल मर्यादेच्या किती टक्के ते नसते. '५००० टक्के' हा आकडा वाचून लोकांना धडकी भरायला हवी. त्यांना तो बोनस वाटतो.

ही झाली लेबल खरे असतानाची गोष्ट. ते खरे आहे की नाही, हा प्रश्न याच्या पुढचा.

लेबलवरचा आकडा म्हणजे नेमके काय, हे फार थोड्यांना ठाऊक असते. मल्टिव्हिटॅमिनची गोळी हे एकमेकांशी न पटणाऱ्या वीस-पंचवीस भाडेकरूंचे घर आहे. तांबे आणि लोह जरा ओल मिळाली की सी जीवनसत्त्वाला खाऊ लागतात. सी आणि बी१ मिळून बी१२ला छळतात. बी२ला उजेड सोसत नाही. ए हवेने मरते. म्हणून कारखान्यात ही द्रव्ये छापील आकड्यापेक्षा जास्त घालतात, म्हणजे मुदत संपेपर्यंत झिजून झिजूनही निदान छापलेले तेवढे उरावे. याला आम्ही ओव्हरेज म्हणतो. यात लबाडी नाही, नाइलाज आहे. पण याचा अर्थ असा की ताज्या बाटलीत छापल्यापेक्षा जास्त असते, जुन्या बाटलीत कदाचित कमी, आणि लेबलवरचा आकडा या दोन टोकांमध्ये कुठेतरी लटकलेला असतो. सी थोडे जास्त झाले तर फारसे बिघडत नाही. ए जीवनसत्त्वाचे किंवा सेलेनियम या खनिजाचे तसे नाही.

शिवाय मिसळण्याचा प्रश्न. बी१२ची रोजची गरज २.४ मायक्रोग्रॅम. गोळी एक ग्रॅमची धरली तर तिचा चार लाखावा हिस्सा. पोतेभर पुडीत चिमूटभर कुंकू कालवून प्रत्येक चमच्यात ते सारखे उतरले पाहिजे, असा हा मामला. मिसळण नीट झाली नाही तर एका गोळीत दुप्पट आणि दुसरीत जवळपास काहीच नाही, असे होते. आणि इथे मला माझ्याच धंद्याचे एक गुपित फोडले पाहिजे. सुरुवातीला मी म्हटले ना, वीस गोळ्या एकत्र कुटायच्या? त्यातून निघते ती सरासरी. वीस गोळ्यांची सरासरी शंभर टक्के आली की कागद हिरवा, मग आतल्या दहा गोळ्या रिकाम्या का असेनात. एकेक गोळी वेगळी तपासली तरच हे उघडे पडते. त्याला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि कुणी मागितल्याशिवाय ते कुणी करत नाही.

गोळी पोटात फुटते का, हाही साधा वाटणारा प्रश्न आहे. आमच्याकडे त्यासाठी सहा काचनळ्यांची एक टोपली असते. ३७ अंश तापमानाच्या पाण्यात ती सारखी वर-खाली बुचकळत राहते आणि आपण घड्याळ लावून बसायचे. नव्या पोरांना हे काम देत असू, कारण कंटाळवाणे. घरी व्हिनेगरमध्ये गोळी टाकून बघण्याचा उपाय लोक करतात, त्याने मात्र विशेष काही कळत नाही. काही गोळ्यांना आम्लात फुटू नये म्हणून मुद्दाम लेप दिलेला असतो. आणि फुटणे वेगळे, आतले द्रव्य विरघळणे वेगळे. गर्भवतींना डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिल्या जाणाऱ्या काही व्हिटॅमिन गोळ्यांतले फॉलिक अ‍ॅसिड मानकानुसार विरघळतच नाही, असे अमेरिकेतल्या संशोधकांनी १९९७ साली दाखवून दिले. गर्भाची मज्जानलिका, म्हणजे जिच्यातून पुढे मेंदू आणि मज्जारज्जू घडतात ती नळी, गर्भधारणेनंतर साधारण २८ दिवसांत मिटते. तेवढ्या दिवसांत गोळी न विरघळता तशीच पोटातून निघून गेली, तर नंतर कुणाला नोटीस पाठवून काय उपयोग?

उलट टोकाचे उदाहरण २००८चे. अमेरिकेत एका पातळ पूरक औषधाच्या बाटलीवर सेलेनियम २०० मायक्रोग्रॅम असे छापलेले होते. आत निघाले ४०,८०० मायक्रोग्रॅम. दोनशे पटींहून जास्त. २०१ माणसांना बाधा झाली. केस गळाले, नखे बिघडली, जुलाब, सांधेदुखी. लेबल वाचून यातल्या एकाला तरी वाचता आले असते का? तिथे १९९४च्या कायद्यानुसार अशी उत्पादने विकण्याआधी सरकारची मंजुरी लागत नाही. कारखान्यांच्या कामकाजाचे सविस्तर नियम आले तेही २००७मध्ये. कॅनडात २००४पासून वेगळी रीत आहे : आधी तपासणी, मग आठ अंकी परवाना क्रमांक, तो बाटलीवर. मला ती बरी वाटते, पण क्रमांक हाही शेवटी कागदच. आतली गोळी कुणी फोडली का, हा प्रश्न राहतोच.

जड धातूंबद्दल मात्र थोडे सबुरीने घ्यावे. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम तपासलेच पाहिजेत, खनिजे जमिनीतून येतात आणि येताना सोबत आणतात. पण अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००८ साली ३२४ मल्टिव्हिटॅमिन उत्पादनांतले शिसे मोजले, तेव्हा त्यातून शरीरात जाणारे प्रमाण सुरक्षित मर्यादेच्या आतच निघाले. अलीकडचे 'विषारी गोळ्या'छाप व्हिडिओ पाहिले की साप म्हणून भुई धोपटणे म्हणजे काय ते कळते. घबराट पसरली की खरे दोष, म्हणजे मात्रा आणि मिसळण, बाजूला पडतात.

'औषधांचीच तपासणी पुरी होत नाही, व्हिटॅमिनच्या मागे कुठे लागता', असे आपले अधिकारी म्हणतील. मी उलटे म्हणतो. औषधाचा फायदा मोठा असतो म्हणून आपण त्याचा थोडा त्रास पत्करतो. इथे फायद्याचे पारडे मुळात हलके आहे. १४,६४१ पुरुष डॉक्टरांना दहा वर्षांहून अधिक काळ रोज मल्टिव्हिटॅमिन किंवा तशीच दिसणारी, पण आत काही द्रव्य नसलेली गोळी देऊन पाहिली. २०१२ साली निकाल आले. कर्करोग थोडा कमी, आठ टक्क्यांच्या आसपास. हृदयविकारात फरक नाही. २०२४ साली ३,९०,१२४ निरोगी लोकांच्या वीस वर्षांहून जास्त नोंदी तपासल्या, त्यात रोज मल्टिव्हिटॅमिन घेणारे जास्त जगल्याचे दिसले नाही. आणि शरीरात ज्याचे ए जीवनसत्त्व बनते त्या बीटा-कॅरोटिनची गोष्ट तर आपल्याला ठाऊक असेलच. फिनलंडमध्ये २९,१३३ धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर प्रयोग झाला. फुप्फुसाचा कर्करोग टळावा म्हणून दिलेल्या गोळीने तो १८ टक्क्यांनी वाढला. ज्यांच्यात खरोखर कमतरता आहे, ज्या गर्भवती आहेत, ज्यांचे आतडे शोषून घेत नाही, त्यांना गोळी हवीच, आणि म्हणूनच त्यांच्या गोळीत छापलेले असलेच पाहिजे. बाकीचे निरोगी लोक नुसत्या समाधानासाठी घेतात. समाधानासाठी घेतलेल्या वस्तूने पाय बधिर होऊ नयेत, एवढी अपेक्षा जास्त नाही.

मी नवा कायदा मागत नाही. कायदे झाले की त्यांचे अर्ज होतात, अर्जांचे शिक्के होतात आणि कागदी घोडे नाचू लागतात. कच्च्या मालासोबत येणारे विश्लेषण प्रमाणपत्र किती वेळा मागच्या बॅचचे आकडे जसेच्या तसे उतरवून येते, हे मी पाहिले आहे. तिसऱ्या पक्षाची, म्हणजे बाहेरच्या स्वतंत्र संस्थेने तपासून दिलेली मोहोर असते, ती चांगली. पण तिचे पैसे कंपनी भरते, तिथे जाते तीच मुळी जिला आपल्या मालाची खात्री आहे अशी कंपनी. मोहोर नाही म्हणून माल वाईट, असेही म्हणता येत नाही.

मला हवे ते असे. आपल्या माणसाने साध्या गिऱ्हाइकासारखे जाऊन विक्रीच्या फडताळावरून बाटली विकत घ्यावी. कंपनीकडून नमुना मागवू नये. ऑडिटर येणार हे आदल्या दिवशी कळल्यावर आमची प्रयोगशाळा कशी लखलखायची, ते मी जाणतो. बाटली मुदतीच्या शेवटच्या चतुर्थांशातली असावी, कारण खरी परीक्षा तिथे होते. गोळ्या एकेकट्या तपासाव्यात, सरासरीत लपवू नयेत. कमी भरले तसे जास्त भरलेलेही दोष धरावे. आणि निकाल बॅच क्रमांकासकट जाहीर करावा, नापासाचा आणि पासाचाही. महिन्याला हजार बाटल्या तपासायची गरज नाही. पन्नास पुरतील, फक्त कुठल्या पन्नास ते आधी कुणाला कळता कामा नये. आज झाकली मूठ सव्वा लाखाची आहे म्हणून सगळे निवांत आहेत.

त्याबरोबर लेबलच्या दोन छोट्या गोष्टी. जीवनसत्त्वाचे एकच नाव ठरवावे, म्हणजे ताईसारख्या माणसाला बेरीज तरी करता येईल. आणि कमाल मर्यादेचा टक्का गरजेच्या टक्क्याशेजारी, तेवढ्याच ठळक अक्षरात. केसांसाठी म्हणून घेतात त्या बायोटिन या बी गटातल्या जीवनसत्त्वाच्या बाबतीत आणखी एक ओळ हवी : रक्त तपासायला जाण्याआधी डॉक्टरांना सांगा. मोठ्या मात्रेतल्या बायोटिनने हृदयविकाराच्या ट्रोपोनिन चाचणीचा निकाल खोटा कमी येऊ शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ सालीच दिला. केसांसाठी घेतलेली गोळी हृदयाचा झटका लपवते, हे लेबलवर लिहायला जागा नाही, असे म्हणणाऱ्यांनी मागच्या बाजूचे सूर्योदयाचे चित्र काढावे.

ताईच्या तिन्ही बाटल्या माझ्या कपाटात आहेत. उघडलेली बाटली नमुना म्हणून चालत नाही, हे मला कुणी सांगायला नको. पण बॅच क्रमांक शाबूत आहेत, आणि त्यांतल्या एका बॅचची मुदत संपायला अजून सात महिने आहेत. तो माल विक्रीत असणार. आपल्या कार्यालयाने मागितले तर तिन्ही क्रमांक मी त्याच दिवशी लिहून पाठवतो.

आपला नम्र,
क्यूसीतून निवृत्त झालेला एक रसायनशास्त्रज्ञ