दगडाला काय होतंय, असं म्हणू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पर्यटन पुरवणीत नॅशनल पार्कवर लेख आला की त्यात प्राणी, पक्षी, जंगल यांच्याबद्दल भरभरून असतं, पण पार्क खडकांचं, ज्वालामुखीचं किंवा जीवाश्मांचं असलं की एक मोठा फोटो टाकायचा आणि खाली निसर्गाचा चमत्कार म्हणून मोकळं व्हायचं. मग ते वाचून जाणाऱ्यालाही वाटतं की दगडच तर आहे, चढलो, खरवडलं, एखादा तुकडा खिशात टाकला तर काय बिघडलं? म्हणून हे पत्र. लांबलंय जरा, कापायचं तर कापा पण सायकॅडचा, म्हणजे दगड झालेल्या एका प्राचीन वनस्पतीचा, भाग तेवढा ठेवा.

माझं म्हणणं एवढंच आहे की जंगल तोडलं तरी शंभर वर्षांत थोडंफार परत उभं राहतं, प्राणी सांभाळले तर वाढतात, पण खडकातला थर, जीवाश्म, गरम झऱ्याच्या काठावर साचलेला सिलिका नावाच्या खनिजाचा पापुद्रा हे गेलं की गेलं, आपल्या हयातीत तरी परत येत नाही. त्यामुळे अशा पार्कात गर्दीचे आणि वाटेचे नियम जंगलापेक्षा कडक हवेत. आपण मात्र वाघासमोर गप्प बसतो आणि दगड दिसला की त्यावर नाव कोरतो.

अमेरिकेतलं यलोस्टोन 1872 साली नॅशनल पार्क झालं, जगातलं पहिलं, आणि ते मुख्यतः तिथल्या गरम झऱ्यांसाठी आणि उकळत्या पाण्याच्या कारंज्यांसाठी झालं हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. असे 10,000 हून जास्त झरे, कारंजी, चिखलकुंडं, वाफेची भोकं तिथे आहेत. त्यातलं मॉर्निंग ग्लोरी नावाचं कुंड बघा, पूर्वी नितळ निळं होतं. लोकांनी वर्षानुवर्षं त्यात नाणी, दगड, कचरा टाकला (नाणं टाकून नवस बोलायची हौस सगळ्या जगाला आहे असं दिसतं), त्यामुळे तळातून गरम पाणी येतं ती वाट थोडी बुजली, पाणी थोडं थंड झालं, आणि काठावर राहणारे पिवळे-नारिंगी सूक्ष्मजीव आत सरकले. 1950 मध्ये पाणी उपसून कुंड साफ करायला घेतलं तर नाण्यांबरोबर रुमाल, टॉवेल, मोजेसुद्धा वर आले! निळा रंग काही पूर्ण परतला नाही, आता मधे हिरवट आणि कडेला पिवळं-नारिंगी दिसतं आणि लोक त्याचेच फोटो काढून किती सुंदर म्हणतात. तिथे लाकडी फळ्यांची वाट असते ना, ती काही शोभेची नाही, बाजूचा पापुद्रा इतका पातळ असतो की पाय आत जातो आणि खाली उकळतं पाणी, आजवर वीसहून जास्त माणसं तिथे भाजून मेलीत.

आता सायकॅड. साउथ डाकोटात फॉसिल सायकॅड नॅशनल मॉन्युमेंट नावाची जागा होती, 1922 साली राष्ट्रीय स्मारक म्हणून जाहीर केलेली, जमिनीवर पडलेल्या, दगड झालेल्या कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींसाठी. बोर्ड कागदावर लागला, पण जागेवर कायम राहणारा माणूस नेमला नाही, सगळा कारभार लांबून, म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणं. अभ्यासक घेऊन गेले, हौशी लोक घेऊन गेले, आणि शेवटी बघायला वर काही उरलंच नाही म्हणून 1957 मध्ये स्मारकाचा दर्जाच काढून टाकला. नुसतं जाहीर करून वारसा वाचत नाही हे याहून स्पष्ट कोण सांगणार.

ॲरिझोनातल्या पेट्रिफाइड फॉरेस्टमध्ये 20 कोटी वर्षांहून जुनी, दगड झालेली झाडं आहेत. तिथून तुकडे उचलून नेणारे पुष्कळ, आणि काही जणांना मागाहून पश्चात्ताप होतो, ते माफीचं पत्र लिहून दगड पोस्टाने परत पाठवतात. पण तो तुकडा नेमका कुठून उचलला हे आता कोणाला सांगता येत नाही, चुकीच्या जागी ठेवला तर पुढच्या अभ्यासाचा घोळ, म्हणून परत आलेले दगड एका बाजूला ढीग करून टाकलेत. बैल गेला नि झोपा केला.

यावर लगेच कोणीतरी म्हणेल, मग काय पर्यटन बंद करायचं का? अजिबात नाही. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या प्रचंड खडकाचं बघा. तिथले मूळ मालक अनांगू लोक वर्षानुवर्षं सांगत होते की ही आमची पवित्र जागा आहे, चढू नका. तरी लोक चढत होते, चढणीच्या वाटेवर खडक घासून पांढुरका पट्टा पडला होता, वर टॉयलेट नाही त्यामुळे पावसात घाण खालच्या पाणवठ्यात यायची, तीसहून जास्त माणसं चढताना मेली. 26 ऑक्टोबर 2019 पासून चढणं बंद केलं, पार्क नाही. पायथ्याभोवती साधारण 10 किलोमीटरची वाट आहे, हवं तेवढं चाला, अनांगू गाइडकडून गोष्टी ऐका.

आणि जिथे माणसं राहतात, शेती करतात, तिथे नॅशनल पार्क करून सगळ्यांना बाहेर काढायचीही गरज नाही, त्यासाठी जिओपार्कची, म्हणजे माणसं राहत असतानाच तिथल्या खडकांचा, जीवाश्मांचा वारसा जपणाऱ्या प्रदेशाची सोय आहे. युरोपात चार ठिकाणांनी 2000 साली याचं नेटवर्क सुरू केलं, त्यातलं एक ग्रीसचं लेस्व्हॉस बेट, तिथेही दगड झालेलं जंगल आहे आणि गावातल्या बायकांच्या सहकारी संस्था पाहुण्यांना घरचे पदार्थ विकतात, म्हणजे पैसा गावात राहतो. 2015 पासून युनेस्को जिओपार्कना अधिकृत दर्जा देते, मला त्यातली तपासणीची पद्धत फार आवडते. दर चार वर्षांनी माणसं येऊन बघतात, ठीक असेल तर हिरवं कार्ड, कमी पडलात तर पिवळं आणि दोन वर्षांत सुधारा, नाहीच जमलं तर लाल कार्ड, दर्जा गेला. शिवाय जिओपार्क चालवणाऱ्या संस्थेने जीवाश्म, खनिजं असल्या वस्तूंच्या विक्रीत पडायचं नाही हा नियमच आहे. नुसता दर्जा मिळवून हारतुरे घ्यायचे आणि विसरायचं, असं इथे चालत नाही.

तर विनंती अशी की यापुढे अशा जागेवर लेख छापताना कसं जायचं, कुठे राहायचं याच्या चौकटीत आणखी तीन-चार ओळी द्या, कुठे पाय ठेवायचा नाही, काय उचलायचं नाही, रोजची प्रवेशमर्यादा आहे का, गाइड गावातला मिळतो का. आणि कठड्याच्या पलीकडे उभं राहून काढलेले वाचकांचे फोटो कितीही भारी असले तरी छापू नका, एक फोटो छापला की पुढच्या सुट्टीत तिथे रांग लागते.

आपला,
पेपर आला की सगळ्यात आधी पर्यटन पुरवणी उघडणारा एक वाचक