कपॅसिटर अडवत नाही, साठवतो

संपादक महोदय,

कॉइल (तारेचे वेटोळे) आणि कपॅसिटर (पट्ट्यांवर विद्युत भार साठवणारा घटक) एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या, प्रवाहाला ‘अडवतात’ एवढे सांगून आपण विद्यार्थ्यांची बोळवण करतो, याचे एक शिक्षक म्हणून मला मनापासून वाईट वाटते. रोध (रेझिस्टर) ऊर्जेची उष्णता करून टाकतो. कॉइल मात्र ती चुंबकीय क्षेत्रात आणि कपॅसिटर विद्युत क्षेत्रात साठवून पुढच्या पाव आवर्तनात जवळजवळ सगळी परत करतो. कॉइलमध्ये प्रवाह बदलू लागताच विरोधी विद्युत दाब (व्होल्टेज) उत्पन्न होत असल्याने प्रवाह दाबाच्या मागे राहतो, तर कपॅसिटरच्या पट्ट्यांवर भार साचल्याशिवाय दाब चढत नसल्याने तिथे प्रवाहच पुढे असतो. 50 हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला 50 आवर्तने असताना, प्रवाह आणि दाबातले हे अंतर पाव आवर्तनाचे, म्हणजे 5 मिलिसेकंदांचे. 1 हेन्रीच्या कॉइलचा प्रवाहाला होणारा विरोध तेव्हा सुमारे 314 ओहम आणि 10 मायक्रोफॅरडच्या कपॅसिटरचा सुमारे 318 ओहम भरतो, पण वारंवारता दुप्पट केली की पहिला आकडा दुप्पट होतो आणि दुसरा निम्मा.

प्रवाह असा पुढे सरकवणारा छताच्या पंख्याचा कपॅसिटर निकामी झाला की पंखा नुसता गुणगुणतो आणि हाताने ढकलल्यावर फिरू लागतो. माझ्या मते या धड्याची सुरुवात सूत्राऐवजी तिथूनच व्हायला हवी.

– भौतिकशास्त्राचा एक शिक्षक